शेवटच्या रांगेतला तुकडा

१

वस्तादांची लेक हॉटेलच्या तळमजल्यावरून धावत बाहेर आली, तेव्हा विमाबाई चहाचा पहिला घोट घेत होत्या. सुरुंग भरलेल्या इमारतीत कुणी धावायचं नाही, हा पाडकाम करणाऱ्या वस्तादांचा नियम. इतकी वर्षं तो सगळ्यांना दरडावून सांगणारी ही पोरगीच आज धावत आली होती.

"बाबा, शेवटची रांग कुणीतरी कापलीये."

वस्तादांनी कप खाली ठेवला. "कापलीये म्हणजे?"

"नळी दोन ठिकाणी कापलीये. आणि मधला तुकडा गायब आहे."

तंबूबाहेर मैदानावरून भोंग्याची चाचणी ऐकू आली.

समोर उभं होतं ते चौदा मजल्यांचं जुनं हॉटेल. पायाखालची जमीन एका बाजूनं खचत चालली होती. तुकड्यातुकड्यानं तोडायचं तर काम चालू असतानाच ते कलंडलं असतं, म्हणून ते एका दमात पाडायचं ठरलं होतं. पुढे गाड्या लावायचं मोठं मैदान होतं, तिथं त्याला निजवायचं. मागे मात्र गल्लीभर अंतरावर प्रसूतिगृह. तिथल्या बाळंतिणी आणि तान्ही बाळं उजाडताच एका शाळेत हलवली होती. संध्याकाळी त्यांना परत यायचं होतं.

विमा कंपनीच्या या बाईंनी हो म्हटल्याशिवाय बटण दाबलं जाणार नव्हतं. जळालेल्या गोदामांच्या राखेत काडी फिरवत त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. घरी नवरा म्हणायचा, "हिला दूध उतू गेलं तरी आधी कारण हवं असतं, मग फडकं." साइटवरच्या माणसांनी त्यांचं नाव पहिल्याच दिवशी विमाबाई ठेवलं आणि त्यांनीही ते बिनबोभाट घेतलं.

"पोलीस बोलावले तर?" त्यांनी विचारलं.

"तर ते इमारतीला कुलूप घालतील," वस्ताद म्हणाले. "सुरुंगाच्या दारूनं भरलेली इमारत प्रसूतिगृहाच्या पाठीला लागून तशीच पडून राहील. आणि त्या बाया बाळांना घेऊन शाळेच्या फरशीवर."

"आणि कुणी कापली ते न कळता मी हो म्हटलं तर?"

"तर ज्यानं हे केलं त्यानं आणखी काय केलंय, ते आपल्याला बटण दाबल्यावरच कळेल."

विमाबाई उठल्या. "दुपारपर्यंत थांबवा. मला आत न्या."

२

तंबूच्या दाराशी डोक्यावरच्या संरक्षक टोप्यांची दोन खोकी होती. पाहुण्यांना निळी टोपी, कामाच्या माणसांना हिरवी. वस्तादांनी स्वतः वाकून एक टोपी काढली आणि अदबीनं पुढे केली. "घ्या बाई, पाहुण्यांची." टोपी हिरवी होती. लेकीनं काही न बोलता ती काढून घेतली आणि निळी दिली. अशा बातमीनंतर कुणाचंही चित्त थाऱ्यावर राहणार नाही, असं विमाबाईंना वाटलं.

आत शिरल्यावर मात्र त्या क्षणभर कशासाठी आलो तेच विसरल्या. दारं, खिडक्या, मधल्या भिंती सगळं काढून टाकलेलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसते खांब, आणि प्रत्येक खांबाला जाळी आणि जाड कापडाचं वेष्टण, फुटलेला दगड उडू नये म्हणून. प्रत्येकातून बुटाच्या नाडीएवढी नळी बाहेर आलेली. गडबड कुठं नाही, गुंता कुठं नाही. एखाद्या हातखंडा शिंप्यानं टाके घालावेत तसं काम.

"केवढी दारू लागली असेल!" त्या पुटपुटल्या.

"तुम्हाला वाटते त्याच्या निम्मीसुद्धा नाही," वस्ताद म्हणाले. एवढ्या काळजीतही त्यांचा आवाज खुलला. "दारूनं इमारत पडत नसते, बाई. आम्ही फक्त तिचे पाय काढतो, आणि ते कोणत्या क्रमानं काढायचे ते ठरवतो. पडते ती आपल्याच वजनानं. इतकी वर्षं हेच वजन तिनं उभं राहून पेललं, आता त्याच वजनावर तिला हळूच बसवायचं."

क्रम ठरवणाऱ्या होत्या त्या रंगीत क्लिपा. खांबांच्या चार रांगा. मैदानाकडची पहिली रांग पांढऱ्या क्लिपांची, मग पिवळी, मग निळी, आणि प्रसूतिगृहाकडची शेवटची हिरवी. नळीतून ठिणगी पळते, क्लिपेशी येते, आणि क्लिपेचा रंग जितकं थांब म्हणतो तितकं थांबून खांबात शिरते.

"शेवटची रांग म्हणजे दाराची बिजागरी," लेक म्हणाली. "पुढचे पाय गेले की इमारत पुढे झुकते, तोवर ही रांग धरून ठेवते. मग सोडते. यातला एखादा खांब जरी आधी गेला, तर इमारत मागे बसेल."

मागे काय होतं ते सांगायची गरज नव्हती. उघड्या भिंतीतून प्रसूतिगृहाच्या खिडकीतला पाळणा दिसत होता.

कोपऱ्यातल्या दोन खांबांमध्ये नळी नव्हती. त्या दोन खांबांवरच्या क्लिपाही तिच्याबरोबर गेल्या होत्या. विमाबाई गुडघ्यांवर बसल्या. उरलेली टोकं सरळ कापलेली होती, आणि दोन्ही टोकांना चिकटपट्टी गुंडाळलेली होती.

"ही पट्टी कशाला?"

"नळीत दमट हवा गेली तर ठिणगी विझते. कापलं की टोक बंद करायचं, हे आमच्या हातात बसलेलं असतं." आपण काय बोललो ते लगेच लेकीच्या लक्षात आलं.

"आता हे जोडायचं कसं?"

"जोडायचं नाही. कापलेली रांग कुणी जोडत नाही. ती पूर्ण काढून नव्यानं बांधायची, आणि आधी बांधली त्या हातांनी नाही, दुसऱ्या हातांनी. हा बाबांचा आणि काकांचा नियम आहे."

"काका कोण?"

लेकीनं वडिलांकडे बघितलं. वस्ताद दुसरीकडे बघत होते.

३

फाटकावरच्या पहारेकऱ्याचं सांगणं सरळ होतं. आदल्या संध्याकाळी बापलेकीनं रांग हातानं चाचपून बघितली, तेव्हा ती अखंड होती. रात्रभर आत कुणी गेलं नाही. सकाळी आत गेली ती चारच माणसं. वस्ताद, त्यांची लेक, हॉटेलचे जुने मॅनेजर आणि सोनार.

मॅनेजरसाहेब फूटपाथच्या कडेला कोटाची सगळी बटणं लावून बसले होते. ऊन चांगलंच तापलं होतं.

"तुम्ही ही इमारत वाचवायला कोर्टात गेला होता ना?" विमाबाई शेजारी बसत म्हणाल्या.

"गेलो होतो. हरलो. मग वस्तादांना म्हटलं, एकदा शेवटचं आत जाऊ द्या. त्यांनी जाऊ दिलं. भला माणूस आहे."

"कोटाच्या आत काय आहे?"

"काही नाही."

ते सरकले, आणि कोटातून स्वच्छ आवाज आला, टिंग.

मॅनेजरसाहेबांचा चेहरा पडला. त्यांनी बटणं सोडली आणि स्वागतकक्षाची पितळी घंटी बाहेर काढली. "जन्मभर ही वाजली की मी उठून धावलो. वाटलं, आता हिला घरी न्यावी. वाजवावी, आणि मुळीच उठू नये."

विमाबाईंना हसू आवरलं नाही. कोट त्यांनी चाचपला, पण नळीचा तुकडा त्यात नव्हता. "आत आणखी कुणी दिसलं?"

"ते सोनार. मागच्या कोपऱ्यात बराच वेळ उभे होते. डोक्यावरची टोपी हातात घेऊन. मला वाटलं, माझ्यासारखेच निरोप घेतायत, म्हणून मी मागच्या मागे फिरलो."

४

सोनारांनी सोनं कधी घडवलं नव्हतं. काँक्रीटचा खडा बोटांत चुरडून ते त्याची ताकद सांगायचे, म्हणून हे नाव. लेकीचे काका ते हेच. एके काळी वस्ताद आणि सोनार ही जोडी होती. मग एका कारखान्याची चिमणी पाडताना दोघांचं वाजलं, आणि तेव्हापासून बोलणं बंद. या हॉटेलचं काम सोनारांनीही मागितलं होतं, ते वस्तादांना मिळालं. नगरपालिकेनं मग तिऱ्हाईत तपासनीस म्हणून नेमलं कुणाला, तर सोनारांनाच. कामाला हात लावायचा नाही, फक्त बघायचं, आणि चूक दिसली तर लिहून कळवायची. सूड उगवायला याहून चांगली जागा कुणाला मिळणार?

ते तंबूच्या कोपऱ्यात खुर्चीवर ताठ बसले होते. सगळ्यांनी टोप्या काढून वारा घ्यायला सुरुवात केली होती, यांच्या डोक्यावर मात्र निळी टोपी घट्ट. कानशिलावरून घाम ओघळत होता.

"सकाळी शेवटची रांग बघितलीत?"

"बघितली."

"तेव्हा नळी होती?"

"मी तपासनीस आहे. माझं म्हणणं मी नगरपालिकेला देईन."

"कुणी कापली असेल?"

"ज्याला कापता येतं त्यानं."

ताकास तूर लागू देईनात. विमाबाईंनी वेगळी वाट धरली. "मला यातलं फारसं कळत नाही. वस्तादांचं काम खरंच चांगलं आहे का हो?"

सोनारांचा चेहरा बघता बघता बदलला. "खांबातली भोकं बघितलीत? प्रत्येक भोक त्याच तिरप्या रेषेत. यंत्रानं पाडली तरी अशी पडत नाहीत. आणि दारू किती कमी! दुसरा कुणी असता तर भीतीपोटी दुप्पट भरली असती, प्रसूतिगृहाच्या काचा गेल्या असत्या. हा माणूस इमारतीशी बोलून घेतो आधी." ते थांबले. "असा पुन्हा होणार नाही."

"आणि तुम्ही त्यांच्याशी बोलत नाही."

"बोलत नाही. बघत तर असतो." मग ते घाईनं म्हणाले, "हे बघा, नियम नियम आहे. रांग आता पोरीनं बांधायची. पहिल्यापासून, नव्या क्लिपा लावून. त्याला हात लावू देऊ नका."

विमाबाई बाहेर आल्या, आणि तंबूची दोरी धरून तिथंच उभ्या राहिल्या. ज्याला घातपात करायचा, तो कापून पळून जाईल. टोकं जपून बंद कशाला करेल? आणि तुकडा? नुसतं कापल्यानं काम भागत होतं. मग तुकडा नेला कशाला?

५

लेक मालाच्या पेटीपाशी बसून नव्या क्लिपा वेगळ्या काढत होती. विमाबाईंनी आडवळण घेतलं नाही.

"टोक बंद करायचं तुमच्या हातात बसलेलं आहे. नियम तुम्हाला पाठ आहे. रांग कापली गेली की ती तुमच्याकडे येते, हेही तुम्हाला माहीत."

पोरगी ताडकन उठली. "मी बाबांचं काम हिसकावीन?"

"तसं म्हटलं नाही. विचारते आहे."

"शेवटची रांग बाबा कुणाला देत नाहीत. मलाही नाही. काल संध्याकाळी मी फक्त क्लिपा घट्ट बसल्यात की नाही ते चाचपलं. उजेड कमी होता. बाकी बघायला सकाळी काका येणारच होते." तिचे डोळे भरून आले. "मला ती रांग हवी होती, खोटं कशाला बोलू? पण बाबांनी हातानं दिली असती तेव्हा."

विमाबाईंनी तिच्या समोरच्या पेटीकडे बघितलं. हिरव्यांचा खण, शेजारी निळ्यांचा.

"सकाळी तुम्ही माझी टोपी बदललीत."

"ते होय? अलीकडे होतं त्यांचं असं. परवा एक मोजा हिरवा, एक निळा घालून आले. मी चिडवलं तर म्हणाले, दोन्ही सारखेच तर आहेत. डोळ्यांत मोतीबिंदू उतरतोय असं वाटतं मला, पण डॉक्टरकडे चला म्हटलं की अंगावर—"

तिच्या हातातली हिरवी क्लिप खाली पडली.

"शेवटची रांग," ती कशीबशी म्हणाली. "बाबांनी एकट्यानं बांधली."

६

विमाबाई पुन्हा तंबूत आल्या तेव्हा सोनार तसेच बसले होते. लेक मागोमाग आली आणि दाराशीच थांबली.

"तुकड्यात काय होतं याचा मी विचार केला," विमाबाई खुर्ची ओढून म्हणाल्या. "नळी, आणि दोन क्लिपा. नळी सगळीकडे सारखीच. वेगळं असेल तर क्लिपांचं काहीतरी. आणि क्लिपेकडे सांगण्यासारखी एकच गोष्ट असते, तिचा रंग. कुणाला तरी तो रंग लोकांना दिसायला नको होता. म्हणून तुकडा गेला."

सोनारांनी टोपी आणखी खाली ओढली.

"मग कापला कुणी? मॅनेजरसाहेबांना रंगाचा अर्थ ठाऊक नाही. ही पोरगी? तिला चूक दिसली असती, तर तिनं गुपचूप क्लिप बदलली असती. पेटी तिची, माल तिचा, कापायची गरजच नव्हती. कापावं लागतं ते अशा माणसाला, ज्याला चूक दिसली पण दुरुस्त करायचा हक्क नाही, आणि जवळ हिरवी क्लिपही नाही. फक्त एक जुना नियम माहीत आहे, की रांग कापली गेली तर ती पहिल्यापासून बांधतात, आणि दुसऱ्या हातांनी." त्या थोड्या पुढे झुकल्या. "सोनार, तुम्हाला फार उकडतंय. टोपी काढा."

सोनारांनी हात वर नेला आणि टोपी उतरवली. टोपीच्या आत नळीचं छोटं वेटोळं होतं, आणि त्यात दोन क्लिपा. निळ्या.

"मी लिहून दिलं असतं तर फाटकावर पेपरवाले उभेच आहेत," ते म्हणाले. "जन्मभरात एक चूक नाही त्याची. आणि लोकांनी लक्षात काय ठेवलं असतं? म्हातारा बाळांवर इमारत पाडायला निघाला होता. बाकीच्या रांगा मी डोळ्यांत तेल घालून बघितल्या. त्या चोख आहेत. हे दोनच खांब."

"आणि पुढच्या इमारतीत? तिथं तुम्ही असाल?"

"त्याला कळलं तर मोडून पडेल तो," एवढंच सोनार म्हणाले.

"मला सांगायचं ते माझ्या देखत सांग," दारातून आवाज आला.

वस्ताद लेकीच्या खांद्यावरून हात काढून आत आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. टोपीतलं वेटोळं उचलून ते उन्हात गेले आणि क्लिपा डोळ्यांजवळ धरून फिरवून फिरवून बघितल्या.

"कोणता रंग, बाळ?"

"निळा, बाबा."

"मला हिरवा दिसतो."

वस्तादांनी क्लिपा मुठीत मिटल्या. ते वळले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, लाजही नव्हती. होता तो काम चालू असतानाचा चेहरा.

"बाई, लिहा. माझं नाव घालून, जे झालं ते सगळं लिहा. डोळे बरे होईपर्यंत मी क्लिपेला हात लावणार नाही, हेही लिहा." मग लेकीकडे बघून, "शेवटची रांग तुझी. आणि फक्त तीच नाही, चारी रांगा पहिल्यापासून बघायच्या. तू एकेका खांबाशी रंग मोठ्यानं म्हणायचास, आणि..." इतक्या वर्षांनी त्यांनी सोनारांकडे सरळ बघितलं. "आणि हा ऐकून हो म्हणेल. म्हणशील ना रे?"

सोनारांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि ते उठून इमारतीकडे चालू लागले.

विमाबाईंनी आयुष्यात खूप माणसं पकडली होती. पकडलं गेल्यावर सगळी लहान होत गेलेली त्यांनी बघितली होती. वस्ताद उलट मोठे झाले होते. आणि इमारतीकडे निघालेल्या त्या दुसऱ्याविषयीही, त्यांच्या मनात जे आलं ते रागवण्याजोगं नव्हतंच. चुकीचं केलं होतं त्यानं. पण असं चुकायलाही मन लागतं.

७

दुपारी उशिरा रिकाम्या इमारतीतून लेकीचा आवाज शेवटचा घुमला, "हिरवी!" आणि पाठोपाठ सोनारांचा, "हो!" विमाबाईंनी सही केली.

भोंगा वाजला. बटण लेकीच्या हातात होतं. वस्ताद तिच्यामागे उभे राहिले, आणि विमाबाईंना आश्चर्य वाटलं, कारण त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

"दाब," ते म्हणाले.

छातीवर कुणीतरी थाप मारावी तसा आवाज. "पांढरी," वस्ताद पुटपुटले. पुन्हा थाप. "पिवळी." तिसरी. "निळी." आणि मग शांतता. हॉटेल हललंच नाही असं वाटलं. मग चौदा मजल्यांच्या खिडक्या एकत्र झुकल्या, सावकाश, दमलेल्या माणसानं उशीकडे कलावं तशा. मागच्या रांगेनं ते सगळं ओझं धरून ठेवलं होतं.

चौथी थाप बसली. "हिरवी," वस्ताद म्हणाले आणि त्यांनी श्वास सोडला.

इमारत गुडघ्यात वाकली आणि मैदानावर अंग पसरून निजली. जमीन थरारली. धुळीचा लोट उठला, मैदानभर फिरला आणि वाऱ्यानं पांगला. पलीकडे प्रसूतिगृह होतं तसं उभं होतं, एक काच गेली नव्हती. एवढं प्रचंड काहीतरी इतक्या अदबीनं खाली येऊ शकतं, हे विमाबाईंना आज सकाळी कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. त्यांना टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, आणि आजूबाजूला बघून त्यांनी खरंच वाजवल्या. मॅनेजरसाहेब रडत होते, पण टाळ्या तेही वाजवत होते.

लेक बापाच्या गळ्यात पडली. तिला थोपटत वस्तादांनी मान वळवली.

"कशी पडली रे?"

सोनारांनी घसा खाकरला. "तू पाडल्यासारखी."

"कौतुक नको, नीट सांग. गच्चीचा कठडा आधी झुकला की मधला भाग?"

"कठडा."

"शक्य नाही. मधला भाग आधी गेला असणार."

"अरे, मी इथं उभा राहून बघितलंय!"

"तुला बघता कधी आलंय? त्या चिमणीच्या वेळी काय बघितलं होतंस?"

"चिमणीचं नाव काढू नकोस हां. चिमणीत मीच बरोबर होतो!"

लेकीनं डोळे पुसत विमाबाईंकडे बघितलं. "सुरू झाले," ती म्हणाली. रस्त्याच्या टोकाला बाळंतिणींची पहिली गाडी वळत होती. दोघांचे आवाज चढतच चालले होते, आणि त्यांना गप्प करावं असं तिथं कुणालाच वाटत नव्हतं.